आखूड सावलीचे ऊन

पहाटे देवदर्शन व पूजा, नवकारशीनंतर दूध-नाश्ता, दहाच्या सुमारास पेढी आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार, हा व्यापारी जैन कुटुंबाचा परिचित दिनक्रम. त्यातील नियम सूर्याच्या उदयास्ताशी बांधलेले आहेत. परंतु सूर्य माथ्यावर येतो तेव्हा कर्ता पुरुष छपराखाली गादीवर आणि गृहिणी स्वयंपाकघरात असते. हिवाळ्यात बळावणारी कंबरदुखी, स्नायूंतील अशक्तपणा व सततचा थकवा यांमागे कित्येकदा ड जीवनसत्त्वाची उणीव असते.

अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते. ते त्वचेत तयार होते ते सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरणांमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण बहुतांशी वातावरणातच अडतात. म्हणून सकाळचे कोवळे ऊन सुखद असले, तरी या कामी फारसे उपयोगी पडत नाही. दुकानाच्या काचेतूनही हे किरण आत येत नाहीत.

यासाठी सावलीची कसोटी सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचे ऊन लाभदायक. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबई-पुण्याकडे असा अवधी साधारण साडेअकरा ते दीड एवढाच मिळतो. त्या वेळी पेढीवरील मंडळींनी, गुमास्त्यांसह, पाळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटे हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसावे. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. मात्र त्वचा भाजेपर्यंत बसू नये. घरातील वृद्धांची खुर्चीही याच वेळी गच्चीवर न्यावी.

आहारातून मिळणारा वाटा अल्प असतो. मासे व अंडी वर्ज्य. साध्या दुधातही हे जीवनसत्त्व थोडेच. दूध व तेल घेताना पिशवीवर ‘+एफ’ ही निळी खूण पाहावी. अशा दुधा-तेलात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेली असतात.

उणीव अधिक असल्यास औषध घ्यावे लागते, आणि येथे अहिंसेचा प्रश्न उभा राहतो. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केलेल्या जिलेटिनचे असते. आतील ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनवतात. दगडफुलाच्या वर्गातील शैवाकापासून केलेले ड-३ आणि यीस्टपासून केलेले ड-२ हेही पर्याय आहेत. आपला नियम वैद्यांना आधीच सांगावा. संकोचाने औषधच टाळणे हिताचे नव्हे.

६०,००० युनिटची मात्रा सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक काळापुरती देतात. ती चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. रक्ततपासणी व वैद्यांचा सल्ला यांशिवाय ती सुरू करू नये. औषध दुपारच्या जेवणानंतर घ्यावे. तूप-तेलाच्या अन्नासोबत ते चांगले शोषले जाते आणि चौविहाराचा नियमही सांभाळला जातो.