डोळा पुढे आला, तर नाकही तपासा

जव्हार-मोखाड्याच्या वस्त्यांत डोळा सुजला की आपण आधी दुकानातून थेंब आणतो, मग भगताकडे जातो आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघतो. दुखत नाही ना, मग मजुरी कशाला बुडवायची, असे आपणच म्हणतो. आम्ही सांगतो, न दुखणारी सूजच जास्त फसवते.

कपाळात आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्ये हाडांत पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांतला चिकट स्राव बारीक वाटेने नाकात उतरतो. जुनी सर्दी, नाकात वाढलेले मांस, मार किंवा आधीचे ऑपरेशन यांमुळे ती वाट बुजली, की स्राव आतच साचून पिशवी होते. हा म्युकोसील. हा कॅन्सर नव्हे. पण पिशवी हळूहळू फुगते, हाड झिजवते आणि डोळा ढकलते. एकाचे दोन दिसतात, डोळ्याला पाणी येते, नाकाकडच्या कोपऱ्यात फुगवटा येतो. पिशवी खोलवरच्या सायनसमध्ये असेल, तर डोळा पुढे न येताही नजर जाऊ शकते.

थेंबांनी ही पिशवी जात नाही. निदानाला सीटी स्कॅन लागतो. नाकातून दुर्बीण घालून पिशवी उघडतात आणि वाट मोकळी करतात. बहुतेकांना चेहऱ्यावर चिराही पडत नाही. मात्र ताप आला, सूज लाल होऊन ठणकू लागली किंवा नजर एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. 108 ला फोन करा.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मोठ्या रुग्णालयात पाठवले, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

पण उपचार मोफत असले तरी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? नुसती ‘पुढे जा’ची चिठ्ठी हातात देणे म्हणजे उपचार नव्हे. चिठ्ठीसोबत सीटी स्कॅनची तारीख मिळाली पाहिजे आणि डोळ्यांचे व नाक-कान-घशाचे डॉक्टर एकाच दिवशी भेटले पाहिजेत. ही भीक नाही, हक्क आहे. तो विहारातल्या बैठकीत ठरवून, अर्ज लिहून मागू या.

आणि भट्टीवर निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे दोन्ही डोळे समोरासमोर बसवून नीट बघा. एक पुढे आलेला दिसला, तर आधी दवाखाना, मग भट्टी.

जय भीम.