सोपा, सुंदर आणि दोन फुटांत मावणारा

परवा हापिसात डबा खाताना एका मित्राने विचारलं, "तुझ्याकडे साप आहे ना रे? पोराला वाढदिवसाला घ्यायचाय. सोपा सांग काहीतरी. दिसायला झकास पाहिजे. आणि हो, आमचं अपार्टमेंट तुला माहितीये, काचेची पेटी दोन फुटांपेक्षा मोठी नको."

सोपा, सुंदर, छोटा. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक 'स्वस्त, मस्त आणि उद्या' मागतं तेव्हा आपण म्हणतो, तीनातलं कुठलंही दोन निवडा. इथे तर एकेक शब्द तपासावा लागतो, कारण चूक झाली तर ती भोगणारा बोलत नाही, ओरडत नाही आणि बग रिपोर्टही टाकत नाही.

आधी एक खुलासा. मी लिहितोय अमेरिकेतून. इथे बहुतेक राज्यांत बिनविषारी साप पाळणं कायदेशीर आहे. (सगळीकडे नाही हं. जॉर्जियात तिथले देशी बिनविषारी सापही पाळता येत नाहीत.) पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा लेख खरेदीचा सल्ला म्हणून वाचू नये. भारतातले साप 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. परदेशी जातींनाही 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम लागलेत. तरी हौस सुटत नाही. 2023 च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले, तेही बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले! 'छोटी जागा' याची ही शेवटची पायरी म्हणायची.

आता 'छोटा'. दुकानात गेलात की दोन साप पुढे येतात. कॉर्न स्नेक, केशरी-लाल नक्षीचा, पिल्लू असताना पेन्सिलीएवढा. वाढला की तीन ते पाच फूट. दुसरा बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, जाडजूड, शांत, घाबरला की स्वतःचा चेंडू करणारा. तोही तीन ते पाच फुटांचा. म्हणजे दोन फुटांच्या पेटीत या प्राण्याला जन्मभर एकदाही सरळ होता येणार नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं, "तो कुठे हलतो? दिवसभर गुंडाळून पडलेला असतो." अहो, तो निशाचर आहे. तो हिंडतो तेव्हा तुम्ही घोरत असता.

दुसरा युक्तिवाद जास्त हुशार आहे. मोठे पैदासकार शेकडो साप प्लॅस्टिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात, ते खातात, अंडी घालतात, म्हणजे मजेत आहेत. पोल्ट्रीतल्या कोंबड्याही अंडी घालतात. सर्व्हर चालू आहे याचा अर्थ सिस्टीम नीट आहे असा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिसरा म्हणतो, बॉल पायथन मोठ्या जागेत घाबरतो. चूक. तो उघड्या जागेत घाबरतो. जंगलात तो वारुळांत आणि उंदरांच्या बिळांत लपतो, आणि नर तर झाडांवरही चढतात. मोठ्या पेटीत लपायला दोन-तीन जागा, साली, फांद्या भरा, भीती जाते.

आणि सगळ्यात पक्कं कारण भौतिकशास्त्राचं आहे. साप स्वतःची ऊब तयार करत नाही. तापमान जागा बदलून सांभाळतो. पेटीचं एक टोक 31-32 अंश सेल्सिअस आणि दुसरं 25-26 हवं, म्हणजे पचनासाठी इकडे आणि गार व्हायला तिकडे. दोन फुटांच्या काचेत हा फरक टिकवून दाखवा. दिवा लावला की सगळी पेटी भट्टी, बंद केला की सगळी फ्रीज.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा पहिला बॉल पायथन मी असाच वीस गॅलनच्या काचेत ठेवला होता. दुकानदार म्हणाला पुरे, मला तेच ऐकायचं होतं. तो पाच महिने जेवला नाही. बॉल पायथन उपास करतातच, त्यामुळे सगळा दोष पेटीचा असं मी म्हणणार नाही. पण चार फुटांची पेटी आणल्यावर रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर हा बाबा फांदीवर, अर्धं अंग खाली सोडून इकडे-तिकडे बघतोय. इतके महिने आपण काय दाबून ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. लाज वाटली, खरं सांगतो.

'सुंदर'चंही ऐका. बॉल पायथनचे शेकडो रंगप्रकार निघालेत. त्यातला 'स्पायडर' हा फार देखणा. त्याच्या नक्षीच्या जनुकाबरोबर आतल्या कानाचा दोष येतो. डोकं डगमगतं, तोल जातो, कधीकधी भक्ष्यावरचा नेम चुकतो. असा साप रंगासाठी मुद्दाम पैदा करणं आणि विकत घेणं, दोन्ही मला गैर वाटतं.

राहिलं 'सोपा'. सोपा म्हणजे फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी गोठवलेले उंदीर. वहिनींना विचारलंस का? सोपा म्हणजे कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं, बॉल पायथन तीस किंवा जास्तच. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 पासून असलेल्या मादीने 2020 मध्ये अंडी घातली! नऊ वर्षांचं पोरगं कॉलेजला जाईल आणि साप अक्षरशः तुमच्या गळ्यात पडेल. मग कंटाळून बाहेर सोडायचा? फ्लोरिडात सुटलेल्या बर्मीज पायथननी एव्हरग्लेड्सचे काय हाल केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या आयातीवर 2012 मध्ये बंदी आली, तोवर उशीर झाला होता.

"मग खरंच छोटा कुठलाच नाही का?" मित्राचा प्रश्न रास्त होता. आहे. केनियन सँड बोआचा नर, जेमतेम दीड फूट. आपल्या मांडुळाचा लांबचा भाऊबंद. त्याला तीन फुटांची पेटी चालते. पण तो दिवसभर वाळूत गाडलेला असतो. पोराचे मित्र घरी येतील तेव्हा त्यांना दिसेल ती फक्त वाळू :-)

म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं. साप नंतर, आधी चार फुटांची रिकामी पेटी आण. थर्मोस्टॅट लाव. पोराला दोन्ही टोकांचं तापमान रोज वहीत लिहायला सांग, महिनाभर. महिन्यानंतरही तो लिहीत असेल तर कॉर्न स्नेक आणायला मी स्वतः बरोबर येतो. नसेल लिहीत, तर पेटीत झाडं लावा. छान दिसतात, आणि त्यांना उंदीर लागत नाहीत.

पेटी आणलीये म्हणे. आज वहीचा सहावा दिवस. बघू.