रंगीत तालमीला फाटा

नाटकाचा प्रयोग जाहीर झाला, तिकिटे खपली आणि रंगीत तालीम मात्र राहून गेली, तर काय होते हे नाटकवाल्यांना सांगायला नको. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने नेमके हेच केले. विंडोज १० ची १८०९ ही नवी आवृत्ती २ तारखेला बाहेर पडली आणि ६ तारखेला तिचे वितरण थांबवावे लागले. ती बसवून घेणाऱ्या काही जणांच्या फायलीच नाहीशा झाल्या होत्या!

कारण मोठे मासलेवाईक आहे. 'डॉक्युमेंट्स'सारखा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला की जुन्या जागी त्याच नावाचा रिकामा फोल्डर उरत असे. हा दुहेरी पसारा आवरण्यासाठी नव्या आवृत्तीत जुना फोल्डर पुसून टाकण्याची सोय केली गेली. तो रिकामाच असणार, हे गृहीत धरून! काहींच्या त्या जुन्या फोल्डरात फायली तशाच पडून होत्या.

बरे, कोणी सावध केले नव्हते असेही नाही. चाचणी घेणाऱ्या काही स्वयंसेवकांनी फायली गेल्याचे आधीच कळवले होते, पण तक्रारींच्या गर्दीत ते वर आलेच नाही. शिवाय 'रिलीज प्रिव्ह्यू' हा अखेरचा टप्पा, म्हणजे आपली रंगीत तालीम, या आवृत्तीने गाळलाच होता. फायली गेल्याच्या तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच, असा खुलासा कंपनीने केला. ज्याचा प्रबंध गेला त्याला हे प्रमाण ऐकवून काय उपयोग?

उलट उदाहरणही आहे. उबुंटूची नवी आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. तिला पाच वर्षांपर्यंत आधार देण्याचे वचन होते, म्हणून मार्क शटलवर्थ यांनी सहा आठवडे अधिक मागून घेतले. ती १ जूनला आली आणि ६.०६ या क्रमांकातच तो उशीर कायमचा नोंदला गेला. विंडोजची ती आवृत्ती पुन्हा आली १३ नोव्हेंबरला, म्हणजे तिलाही सहाच आठवडे लागले. फक्त ते प्रयोग सुरू झाल्यावर, प्रेक्षकांसमोर लागले.

थांबण्यालाही मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. डेबियनची 'वूडी' जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची 'सार्ज' जून २००५ मध्ये. तोवर लोक कंटाळून गेले. त्यातून ते मंडळ शिकले. २०२५ च्या डेबियन १३ साठी मार्चमध्येच मोठे बदल बंद केले, मग टप्प्याटप्प्याने दारे आवळत नेली आणि आवृत्ती दिली ९ ऑगस्टला.

मी स्वतः कोणतीही नवी आवृत्ती दोन महिने घरात घेत नाही. पण सगळेच माझ्यासारखे दाराआड बसले तर दोष सापडणार कोणाला, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.