बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार

खामगाव परिसरातली मराठी ख्रिस्ती मंडळी शंभराहून अधिक वर्षांची आहे. आम्ही तिसऱ्या पिढीचे लोक. तरीही नवा माणूस विश्वासात आला की बाप्तिस्म्याच्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवतो, फोटो काढतो, आणि सोमवारी तो एकटाच कपाशीच्या वेचणीला जातो. हे मला सलतं.

त्याला सोमवारीच कुणीतरी लागतं. पोळ्याला भावकीने बोलावलं तर जायचं का? आईच्या हातचा नैवेद्य खायचा का? अशा प्रश्नांना आमच्यातले काही जण फटकन ‘नाही’ म्हणतात. मला ते पटत नाही. आईवडिलांचा मान राखा ही आज्ञासुद्धा बायबलातच आहे. घर तुटलं की माणूस मंडळीतही फार काळ तग धरत नाही.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने घेतली, आणि ती ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली. एवढा अवकाश आज आपण कुणाला देतो?

पैसा, नोकरी, शाळेची फी यांच्या बदल्यात श्रद्धा मागणं तर पापच. मदत करायची तर शेजारच्या कुणालाही करावी तशी, अटीविना.

आमच्या वडीलमंडळींकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या घरामागे एक जुनं कुटुंब नेमा. आठवड्यात एक संध्याकाळ त्यांच्या ओट्यावर बसा, मार्काचं शुभवर्तमान सोबत वाचा, आणि त्यांना आधी बोलू द्या.