हांकेला ओ देणारा हवा

रोग्याची शुश्रूषा म्हणजे मुख्यत्वेंकरून त्याजवर लक्ष ठेवणें होय. औषध ठरल्या वेळीं देतां येतें. परंतु दुखणें कांहीं वेळापत्रक पाहून वाढत नाहीं. मोठ्या इस्पितळांत रात्रीच्या पाळीस एकेका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात. ती कांहीं तासांच्या अंतरानें नाडी, ताप व श्वास पाहून त्यांची नोंद करते. या दोन नोंदींच्या मध्यें जो रोगी खालावतो, त्याची दाद कोणीं घ्यावी?

या प्रश्नास शास्त्रानें एक उत्तर दिलें आहे. छातीस चिकटविण्याची पट्टी, मनगटावरील कडें किंवा बोटावरील चिमटा अशा लहानशा साधनांनीं नाडी, श्वास, ताप व रक्तांतील प्राणवायु यांची नोंद अखंड होते, ती बिनतारी मार्गानें दूरच्या पडद्यावर उमटते, आणि आंकडा मर्यादेबाहेर गेला कीं घंटा वाजते. ही कल्पना अगदींच नवी नव्हे. हॉलंडांतील लेडन येथें आइन्थोव्हन यांनीं १९०५ सालीं इस्पितळांतील रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेनें सुमारें दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेंत उमटवून घेतला होता. पुढें जपानांतील ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं, नाडीच्या ठोक्याबरोबर रक्तांतून जाणारा प्रकाश कसा बदलतो हें हेरून, सुई न टोंचतां प्राणवायु मोजण्याची युक्ति काढली. तोच बोटावरील चिमटा २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथींत आपल्याकडील कित्येक घरांत पोंचला, आणि आंकडा ९४ च्या खालीं उतरला कीं डॉक्टरांकडे जावें, हें आजीबाईंसही ठाऊक झालें.

तेव्हां हीं साधनें निरुपयोगी आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र हांक मारतें, पण ओ देत नाहीं. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ अर्भकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या गोष्टीची दखल घेतली, आणि चर्चा झाली ती अपुऱ्या माणसांची, औषधांची व रोग्यांच्या गर्दीची. त्या वेळीं प्रत्येक खाटेस घंटा असती तर काय झालें असतें, हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु घंटा ऐकून धांवणारे पायच पुरेसे नसतील, तर नुसत्या घंटेनें काय साधावें?

यंत्राचे दोषही ध्यानांत ठेवावे. हात गार असला किंवा नखास रंग असला तर आंकडा चुकूं शकतो. काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षां अधिक दिसण्याचा संभव असतो, असें २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. आम्हां सांवळ्या लोकांस तें विसरून चालणार नाहीं. शिवाय कारणावांचून घंटा वारंवार वाजूं लागली कीं ऐकणाराचा कान मरतो, आणि मग लांडगा खरोखर आला तरी कोणी उठत नाहीं.

परीक्षेच्या तयारीचा 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. मूल डॉक्टर व्हावें म्हणून पोटास चिमटा घेणारे पालक आमच्या भागांत पुष्कळ आहेत, व तें भूषणावहच आहे. पण मुलानें वा मुलीनें परिचर्येचें शिक्षण घ्यावें, असें अभिमानानें सांगणारा पालक विरळा! जें काम रोग्यास रात्रभर जगवितें, तेंच आपण हलकें मानतों. मग इस्पितळांत माणसें कोठून यावीं?

म्हणून शासनानें यंत्रें घेतांना तीं पाहणाऱ्या माणसांच्या जागाही भराव्या, आणि पालकांनीं शुश्रूषेस डॉक्टरकीच्या शेजारीं मानाचें आसन द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां अधिक अचूक यंत्र घडवील, तर आम्हांस आनंदच होईल. परंतु त्याची घंटा मध्यरात्रीं वाजेल तेव्हां उठून जाणाराही तुमच्यांतूनच निघाला पाहिजे.