मनोनिग्रहाचा बडिवार

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात एका पाहुण्या वक्त्यांनी आरोग्यावर तासभर व्याख्यान दिले. स्थूलता हा चारित्र्याचा दोष आहे. ज्याला स्वतःच्या जिभेवर ताबा ठेवता येत नाही त्याने खात्याचा अगर जिल्ह्याचा कारभार सांभाळण्याच्या गोष्टी करू नयेत. लठ्ठ माणसाने रोज आरशासमोर उभे राहून स्वतःची लाज वाटून घ्यावी, म्हणजे त्याची पावले आपोआप मैदानाकडे वळतील, असा त्या व्याख्यानाचा मथितार्थ होता. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे प्रारंभीच कबूल करतो. पाठोपाठ आटीव दुधाचे पेले आले आणि वक्त्यांसह सर्वांनी ते दोन-दोन रिचविले. त्या रात्री आमचे वजन ९६ किलो होते. घरी परतताना आमच्या लक्षात आले की आम्ही टाळ्या वाजविल्या त्या स्वतःविरुद्ध, आणि त्याही एका सपशेल चुकीच्या सिद्धान्तासाठी. त्या सिद्धान्ताचा समाचार घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

वक्त्यांचे म्हणणे खरे मानले तर काय निष्पन्न होते ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली देशातील १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी २०.६ टक्के आणि पुरुषांपैकी १८.९ टक्के अतिरिक्त वजनाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत हेच आकडे २४ आणि २२.९ वर गेले. या चार-पाच वर्षांत कोट्यवधी लोकांचे चारित्र्य एकदमच ढासळले काय? की खाणे स्वस्त, सुलभ आणि सदासर्वकाळ हाताशी झाले आणि हालचाल मात्र दुर्मिळ झाली? या प्रश्नाला मनोनिग्रहवाद्यांकडे उत्तर नाही. असलेच तर ते पुन्हा एक व्याख्यान असते.

आता लाजेविषयी. लाज वाटली म्हणजे माणूस सुधारतो, ही समजूत आपल्याकडे शाळामास्तरांपासून सासुरवाडीपर्यंत सर्वत्र मुरलेली आहे. इंग्लंडातील ५० वर्षांपुढील स्त्रीपुरुषांच्या एका दीर्घ पाहणीवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र याच्या नेमका उलट आहे. वजनावरून आपल्याला अपमानास्पद वागणूक मिळते असे ज्यांनी सांगितले, त्यांचे वजन चार वर्षांत वाढले. ज्यांना तसा अनुभव नव्हता त्यांचे किंचित उतरले. आमच्या पूर्वीच्या कार्यालयात आम्हांला एक टोपणनाव होते. ते येथे लिहिणार नाही. सुज्ञ वाचक ते ओळखतील आणि हसतील. त्या नावाने आम्ही एक पाऊलही जास्त चाललो नाही. एवढेच झाले की चारचौघांत आम्ही सोवळेपणाने एक पोळी खाऊ लागलो आणि रात्री अकरा वाजता, घरातले दिवे मालवल्यावर, फरसाणाचा डबा उघडू लागलो. उपहासाने माणूस खाणे सोडत नाही, तो ते लपून खाऊ लागतो.

मग माणूस वजन कमी करावयास लागतो तरी कशाने? आणि लागल्यावर टिकतो कशाने? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. वक्त्यांनी ते एकत्र कालविले, तेथेच सारा घोटाळा झाला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'भय' असे आहे. मात्र ते लाजेचे भय नव्हे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जात आहे. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते निदान वर्षभर तसेच राखलेल्या लोकांचीच नोंद तीत होते. २००४ साली या मंडळींना प्रारंभाचे कारण विचारले, तेव्हा बहुतेकांना एखादा विशिष्ट प्रसंग आठवला, आणि वैद्यकीय कारणाने सुरुवात केलेल्यांनी अधिक वजन उतरवून ते अधिक चांगले टिकविल्याचे आढळले. (या वहीत केवळ यशस्वी लोक आहेत, हे विसरू नये, हरलेल्यांची वही कोणी ठेवीत नाही.)

आमचा प्रसंग भोपाळचा. वार्षिक वैद्यकीय तपासणीचे कागद पुढ्यात घेऊन डॉक्टर बसले होते. वजन ९८, रक्तातील साखर सीमेच्या पलीकडे. आम्ही खरडपट्टीच्या तयारीने बसलो होतो. परंतु डॉक्टरांनी चष्मा काढून एवढेच विचारले, "आपली मुलगी केवढी आहे?" आम्ही सांगितले, दहा. ते काही न बोलता औषध लिहू लागले. तो हिशेब आम्ही जिना उतरताना स्वतःच केला. आमचे वडील ५४ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते, आणि आम्ही तेव्हा ४५ चे होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोठ्या तलावाच्या काठी गेलो. खरी गोष्ट अशी की हे भय तीन आठवडे पुरले. भय कोणाचेही त्याहून फार पुरत नाही. माणसाचे मन त्यालाही सरावते. पुढे जे चौदा महिने आम्ही चाललो, त्याचे श्रेय शेजारच्या क्वार्टरमधील एका मल्याळी अभियंत्यास आहे. हे गृहस्थ साडेपाचला आमच्या फाटकाची कडी वाजवीत. आम्ही उठलो नाही तर पुन्हा वाजवीत. उपदेश नाही, वजनाची चौकशी नाही. वाटेत ते पुलांच्या पायांविषयी बोलत आणि आम्ही बजेटाविषयी. दोघांनाही एकमेकांचा विषय पूर्ण कळत नसे. चौदा महिन्यांत आमचे ११ किलो वजन उतरले आणि डॉक्टरांनी एक गोळी बंद केली.

मग दिल्लीची बदली झाली. दीड वर्षात ९ किलो परत आले.

वक्त्यांना आमचा प्रश्न असा की भोपाळात आमच्याजवळ असलेला मनोनिग्रह दिल्लीला येताना सामानाच्या ट्रकमधून कोठे पडला? माणूस तोच, जीभ तीच, साखरेचा कागदही तोच. नव्हती ती फाटकाची कडी वाजविणारी एक व्यक्ती. मुलीच्या शाळेमुळे कुटुंब मागे राहिले, तेव्हा घरचा स्वयंपाक गेला. बैठका दिवसाला चार, आणि प्रत्येकीत समोसा, बिस्किटे व गोड चहा. संध्याकाळी रिकाम्या क्वार्टरचे कुलूप उघडावयाचे, यासारखे भूक लावणारे दुसरे काही नाही. ही भूक पोटाची नसते. परगावी एकट्याने राहिलेल्या प्रत्येक वाचकास ती ठाऊक आहे. आपण चकलीचा डबा संपवितो तेव्हा आपण वस्तुतः घरी गेलेलो असतो.

बैठ्या नोकरीचा हा गुण नवा नाही. १९५६ साली जाँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ लोकांचे खाणे, काम आणि वजन यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कष्टाचे काम करणारे जास्त खात, पण अंगाने सडपातळ राहत. उलट बसून काम करणारे कारकून व देखरेख करणारे कमी खात असतील अशी आपली अपेक्षा, तर ते हलक्या कामाच्या मजुरांहून अधिक खात आणि वजनातही अधिक भरत. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्याबरोबर खाली उतरत नाही, असा याचा अर्थ मेयर यांनी लावला. ज्या पदावर फाईल, चहा आणि मोटार ही तिन्ही आपल्याकडे चालत येतात, त्या पदावरील माणसाने आपल्या भुकेवर विसंबू नये.

येथे सभागृहातील कृश मंडळींसही, ज्यांनी सर्वांत मोठ्याने टाळ्या पिटल्या, दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या हाडापेराच्या माणसाची चरबी पोटात दडून बसते. ती काट्याला दिसत नाही आणि आरशालाही पुरती दिसत नाही. भारतीय पुरुषाने कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीने ८० च्या आत ठेवावा, असे म्हणतात ते यासाठी. आणि याची दुसरी बाजू आम्हांला अधिक दिलासा देणारी वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या एका चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोक होते. ज्यांना चालणे व आहार यांचा सल्ला सातत्याने मिळाला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. आणि त्यांचे वजन जवळजवळ जागच्या जागीच होते. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणारा माणूस, लाभ होत असतानाच दुकान बंद करतो.

दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे खावे, हा दीक्षित-दिवेकर वाद मराठी घरांत मध्यंतरी सत्तांतराइतक्या ईर्ष्येने खेळला गेला. त्यात आम्ही पडत नाही. ज्याला जे दहा वर्षे निभेल ते त्याने करावे. नव्या इंजेक्शनांचीही आम्ही कुचेष्टा करणार नाही. ज्यास वैद्याने दिले त्याने खुशाल घ्यावे. मात्र सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले आहे. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. अशा चिवट प्रतिपक्षाशी लढणाऱ्यास 'तुझ्यात जिद्द नाही' असे म्हणणे म्हणजे पुराशी झगडणाऱ्यास पोहण्याची शैली शिकविणे होय.

उपर्युक्त अमेरिकन वहीतील लोक काय करतात, तेही सांगण्यासारखे आहे, कारण ते फार नीरस आहे. बहुतेक जण रोज तासाभराची हालचाल करतात, मुख्यतः चालतात. आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. सणावारी आणि एरवी साधारण एकसारखेच खातात. दोन ते पाच वर्षे निभली तर पुढचे बरेच सोपे जाते. दोन ते पाच वर्षे! आपल्या वर्गाची बदली नेमकी याच अवधीत येते, आणि प्रत्येक बदलीबरोबर वाट, सोबती, बाजार आणि स्वयंपाकी असे सारे नव्याने जमवावे लागते.

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीकडे आमचे मागणे साधे आहे. गणेशोत्सवातील पुरणपोळी बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. तसा ठराव आणणाऱ्याविरुद्ध प्रथम आम्ही मत देऊ. परंतु पंगतीत 'नाही' म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी लोटण्याचा जो आग्रह चालतो, आणि त्याच माणसाच्या पोटावर पुढच्या स्नेहसंमेलनात जी नकला होते, ती दोन्ही एकाच दिवशी बंद व्हावीत. नव्याने बदलून आलेल्याचे नाव वर्गणीच्या वहीत चढते, त्याच दिवशी त्याच्या वसाहतीत पहाटे चालणारे कोण आहे हेही त्यास कळावे. आणि पाहुण्या वक्त्यांच्या जागी एकदा एखाद्या डॉक्टरास बोलवावे; मात्र तो कमी बोलणारा असावा.

आमच्यापुरते सांगावयाचे तर गेल्या फाल्गुनापासून आम्ही पुन्हा चालू लागलो आहो. सोबतीला लेखा विभागातील एक बंगाली गृहस्थ मिळाले आहेत. तेही जाडच आहेत. वजन ९१ वर आहे. दिवाळीनंतर दिल्लीची हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही, त्या दिवसांत आम्ही दोघे कचेरीच्या लांब व्हरांड्यात फेऱ्या घालतो आणि शिपाई आमच्याकडे कुतूहलाने पाहतात. एरवी सकाळी साडेसहाला लोदी बागेच्या फाटकाशी असतो. ज्या वाचकांस यावयाचे त्यांनी यावे. ते वक्ते दिल्लीत असतील तर त्यांनीही यावे. त्यांच्या फाटकाची कडी वाजविण्यास आम्ही स्वतः जाऊ.