पिकअप बदलण्यापूर्वी इतिहास वाचा : हंबकरची सत्तर वर्षे

१/१६ #थ्रेड
हार्ड रॉकच्या नादी लागलेला तरुण गिटारवादक लवकरच एका प्रश्नापाशी येऊन थांबतो : गिटारचे मूळ हंबकर काढून दुसरे कोणते बसवावेत? उत्तरादाखल त्याच्या हाती किलोओहमचे आकडे आणि थोर वादकांची नावे पडतात. माझे मत असे, की या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे. तो ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळांचे पैसे वाया जातात.

२/१६
आधी मूलभूत गोष्ट. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्या सान्निध्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युतसंकेत उमटतो. परंतु हेच वेटोळे भोवतालच्या ट्रान्सफॉर्मरची आणि वायरिंगचीही चाहूल घेते. म्हणून स्पीकरमधून अखंड घरघर ऐकू येते.

३/१६
अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कालामाझू येथे, गिब्सन कंपनीचा अभियंता सेथ लव्हर याने यावर तोड काढली. एका कॉइलऐवजी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांची जोडणी उलट करायची आणि चुंबकाचे ध्रुवही उलट ठेवायचे. बाहेरची घरघर दोन्हीकडून परस्परविरुद्ध येते आणि मिटते; तारेचा संकेत मात्र जोडला जातो. घरघर हटवणारा, म्हणून नाव हंबकर.

४/१६
पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ चा, मंजुरी २८ जुलै १९५९ ची. मधल्या काळात पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पट्टी चिकटवली जाई. त्या तीन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे आजचे पूज्य नाव : पीएएफ. पुढे पट्टीवर क्रमांक छापला गेला, पण तो हंबकरच्या पेटंटचा नव्हताच. तो लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा होता!

५/१६
स्पर्धकांची दिशाभूल करण्यासाठी ही युक्ती योजली, असा तर्क आजही रंगतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून वेगळा धडा मिळतो. वस्तूवरची पट्टी हे साधन आहे, साक्षात सत्य नव्हे. ताम्रपटाची छाननी आपण करतो, तशीच पिकअपच्या पट्टीचीही करावी. जुन्या पीएएफला भाव आल्यावर बनावट पट्ट्याही बाजारात आल्याच.

६/१६
छाननी केली की पहिली दंतकथा कोसळते. ‘पीएएफचा आवाज’ असा एकच आवाज कधी नव्हता. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे, म्हणजे अल्निकोचे, निरनिराळ्या प्रतींचे चुंबक त्यांत बसवले गेले. वेढ्यांची संख्याही काटेकोर नसे. त्यामुळे कुणाचा रोध साडेसात किलोओहम, तर कुणाचा नऊच्या आसपास. मानेकडचा आणि ब्रिजकडचा पिकअप असा भेदही कारखान्यात केला जात नव्हता.

७/१६
दुसरी दंतकथा : हा पिकअप हार्ड रॉकसाठी घडला. १९५७ मध्ये तो लेस पॉल गिटारवर आला तेव्हा हार्ड रॉक जन्मलेलाच नव्हता. लव्हरला हवा होता स्वच्छ, निःशब्द पार्श्वभूमीचा स्वर. ती गिटार तर इतकी मंद खपली, की साठीच्या आरंभी गिब्सनने तिचा मूळ आकारच बंद केला. ती पुन्हा बाजारात आली १९६८ मध्ये.

८/१६
या मधल्या वर्षांत इंग्लंडमध्ये चमत्कार घडला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबतच्या ध्वनिमुद्रणात लेस पॉल थेट मार्शल ॲम्पला जोडली आणि ॲम्प सणसणून वाढवला. ॲम्प ‘फाटला’, आणि त्या फाटण्यालाच संगीत मानणारी पिढी उभी राहिली. घरघर टाळण्यासाठी घडलेले साधन गर्जनेचे साधन झाले. त्याचा नवा उपयोग वादकांनी शोधला. कारखान्याला त्याची कल्पनाही नव्हती.

९/१६
आता मुख्य मुद्दा. त्या काळच्या मार्शल ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम नसे. आवाज फाडायचा तर संपूर्ण ॲम्प कान बधिर होईपर्यंत वाढवणे, किंवा आतला संकेतच मुळात जोरकस करणे, हेच मार्ग. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यांनी दुसरा मार्ग निवडला. सिरॅमिक चुंबक, अधिक वेढे, आणि नाव ‘सुपर डिस्टॉर्शन’. सुटे विकत घेऊन बसवण्याच्या पिकअपचा व्यवसाय इथून सुरू झाला.

१०/१६
किसचा एस फ्रेली, जॅझ-फ्यूजनचा अल डी मिओला अशा परस्परभिन्न वादकांनी तो स्वीकारला. परंतु १९७५ मध्ये मार्शलनेच मास्टर व्हॉल्यूमचा ॲम्प आणला. कॅलिफोर्नियात रँडॉल स्मिथ यांच्या मेसा बूगीने त्याआधीच ॲम्पच्या पोटात जादा गेनचा टप्पा घातला होता. ज्या अडचणीवर जहाल पिकअप हा उतारा होता, ती अडचण अशी काही वर्षांतच ओसरली. उतारा मात्र राहिला, आणि ‘जितका जहाल तितका उत्तम’ ही समजूतही.

११/१६
याच दशकात सेमूर डंकन लंडनमध्ये कारागिरी करत होता. नादुरुस्त पीएएफ पुन्हा गुंडाळून ते त्याने एका टेलिकास्टरमध्ये बसवले आणि ती गिटार जेफ बेकला दिली. १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’ या संग्रहात तिचा स्वर आहे. १९७६ मध्ये सांता बार्बरा येथे डंकनची कंपनी निघाली आणि ‘जेबी’ हा तिचा सर्वांत गाजलेला पिकअप ठरला. त्याचाही जन्म एका दुरुस्तीतून झाला, हे ध्यानात घ्या.

१२/१६
आता प्रतिस्पर्धी पुरावे पाहू. १९७० मध्ये ब्लॅक सबाथच्या पहिल्या संग्रहाने हेवी मेटलचा पाया घातला. टोनी आयोमीच्या एसजी गिटारवर तेव्हा हंबकर नव्हतेच. होते एकेरी कॉइलचे पी-९०. एडी व्हॅन हेलनने १९७८ च्या पदार्पणात वाजवला तो गिब्सनच्या ईएस-३३५ मधून काढलेला पीएएफ. शिट्टी थांबवण्यासाठी तो त्याने वितळलेल्या मेणात बुडवला होता. जहाल पिकअपची गरज या दोघांनाही पडली नाही.

१३/१६
सर्वांत बोलका पुरावा १९८७ चा. गन्स अँड रोझेसच्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’वर स्लॅशचा जो स्वर ‘अस्सल लेस पॉल’ म्हणून मिरवतो, तो क्रिस डेरिग या कारागिराने घडवलेल्या प्रतिकृतीचा आहे. त्यात डंकनचे ‘अल्निको टू प्रो’ बसवलेले होते. गिटार नक्कल, पिकअप बदललेले, आणि तेही मवाळ. तरीही एका पिढीचा हार्ड रॉक त्याच स्वराने ओळखला जातो.

१४/१६
मग किलोओहमचे काय? जेबीचा रोध सोळाच्या घरात, सुपर डिस्टॉर्शनचा तेरा-चौदा. यावरून जेबी जास्त जोरकस ठरत नाही, कारण तार बारीक घेतली तरी रोध वाढतो. चुंबकाची ताकद त्या आकड्यात दिसतच नाही. वेढे वाढले की मधले स्वर पुढे येतात, वरचे बोथट होतात आणि तारांचे सुटेपण हरवते. भरपूर गेनच्या ॲम्पवर अशाने नुसता चिखल होतो.

१५/१६
म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा. आधी स्क्रू-ड्रायव्हरने आहे त्याच पिकअपची उंची बदलून ऐका. त्याला पैसे लागत नाहीत. मग ॲम्प पाहा : गेन मुबलक असेल तर ब्रिजवर पीएएफ घराण्यातला, आठ-नऊ किलोओहमचा अल्निको हंबकर पुरतो. तारांमधील अंतर मोजा, कारण फेंडर धाटणीच्या ब्रिजला रुंद आवृत्ती लागते. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवताना रंग तपासा. डंकनची मुख्य वायर काळी, डिमार्झिओची लाल. हे चुकले तर दोघे मिळून पोकळ वाजतात.

१६/१६
जहाल पिकअप टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. मास्टर व्हॉल्यूम नसलेला जुना ॲम्प असेल किंवा आधुनिक मेटलचा करकरीत, आवळलेला ठेका हवा असेल, तर सिरॅमिक चुंबकच घ्यावा. पण तो गरज ओळखून घ्यावा. १९७२ च्या अडचणीचा उतारा आजच्या ॲम्पवर डोळे मिटून लावू नये. आपल्या गिटारमध्ये कोणते पिकअप आहेत आणि ते का निवडले, हे खाली जरूर लिहा. मतभेदांचेही स्वागत आहे.